दाढ काढली म्हणून तीन दिवस सिगारेट बंद आहे. आता पुढे कसं टिकवू?

पवनाकाठ · शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४४. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. सिगारेट २२ वर्षं, दिवसाला बारा ते चौदा. बुधवारी संध्याकाळी खालची दाढ काढली. डॉक्टर मॅडमनी कापसाचा बोळा दाबून धरायला लावला आणि बजावलं, ७२ तास सिगारेट अजिबात नाही. झुरका मारताना तोंडात जी ओढ तयार होते तिने खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी सुटते, खालचं हाड उघडं पडतं आणि मग जे ठणकतं त्यापुढे दाढदुखी परवडली. दाढेपायी चार रात्री जागून काढल्या होत्या, त्यामुळे हे डोक्यात पक्कं बसलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तोंडात रक्ताची लोखंडी चव, गालावर सूज, आणि हात मात्र दर तासाला शर्टाच्या खिशाकडे.

आज संध्याकाळी सातला ७२ तास भरले. मी घड्याळाकडे बघतच बसलो होतो. कपाटात पाकीट आहे, सहा शिल्लक. ते काढून हातात धरलं, तेवढ्यात बायको भात वाढता वाढता म्हणाली, "तीन दिवस काढलेच आहेत की तुम्ही." एवढंच. तिने हा विषय काढायचं सात-आठ वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. मी पाकीट परत आत ठेवलं आणि तेव्हापासून इथे लिहू की नको करतोय.

याआधी तीनदा सोडून झालीय. सगळ्यात जास्त टिकली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, २४ दिवस. तिन्ही वेळा नुसत्या मनाच्या जोरावर सोडली आणि परत सुरू झाली तेव्हा तिन्ही वेळा वाटलं, आपल्यात तेवढा दमच नाही.

आजची अवस्था सांगतो. डोकं जड, कशात लक्ष नाही. काल व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या पट्टीवर) एकच रीडिंग तीनदा घेतलं. एका ट्रेनी पोराला उगाच झापलं; तो गप्प उभा राहिला ते अजून मनात सलतंय. रात्री तीनला जाग येते. गुरुवारपासून पोट साफ नाही, कारण सकाळची पहिली ओढल्याशिवाय मला होतच नसे. निकोटिनच्या गमबद्दल ऐकून आहे, पण जखम ताजी आहे, चावू कसं? हा त्रास किती दिवस असतो? आणि चौथा दिवस कसा काढू?

डोंगरवेडा · शनिवार, रात्री ११:१५

आधी ती सहा. मोडा, नळाखाली धरा, लगदा करून टाका. नुसती डब्यात टाकू नका. मी एकदा तशी टाकली होती आणि रात्री एकला कचऱ्यातून काढून ओढली. घरात नसली की जिने उतरून जावं लागतं, आणि जिने उतरेपर्यंत तलफ निम्मी होते. मला सोडून नऊ वर्षं झाली. बाकी सावकाश लिहीन, आज एवढं करा आणि झोपा.

पवनाकाठ · शनिवार, रात्री ११:४०

केलं, मोरीत. हाताला अजून वास आहे. आभारी आहे दादा.

ओपीडी_सात · रविवार, सकाळी ८:०५

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर, नाशकात असतो. इथे लिहितोय ते सर्वसाधारण आहे, औषध स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

तुम्ही तिसऱ्या दिवशी विचारलंत, म्हणजे घाटाचा सगळ्यात उभा चढ चढून आलात. निकोटिन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं, एका दिवसात जवळपास संपतं. त्रास होतोय तो त्याच्या रिकाम्या जागांचा. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं त्या जागा वर्षानुवर्षं ओढल्याने वाढलेल्या असतात आणि त्या सगळ्या एकदम ओस पडतात. पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हे पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळ्यात जास्त. तिथून उतार. बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. भूक मात्र जास्त दिवस चाळवलेली राहते, वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं अगदी सर्रास दिसतं, त्याची धास्ती घेऊ नका.

जखम आहे तोवर गम नको, बरोबर. पॅच, म्हणजे कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी, लावा. २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचे असतात. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने साधारण २१ पासून सुरुवात करायची: सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४, दोन आठवडे ७. रोज सकाळी दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, आणि रोज जागा बदलून. थोडी खाज सुटते. रात्री खरीखुरी वाटणारी विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. चटक लागते ती त्या झटक्याची. पॅच तेच निकोटिन दिवसभर हळूहळू देतो, झटका नाही, धूरही नाही. आणि सिगारेटने होणारे कॅन्सर, फुप्फुसांचे आजार, हृदयविकार यांचं मुख्य कारण धूर आहे.

आता एक गोष्ट, जी पेशंटला फार कमी वेळा सांगितली जाते. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग खाली येतो आणि तेवढ्याच चहाने रक्तात कॅफिन पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त साचतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री तीनला जाग, या सगळ्याचं खापर मग सिगारेट सोडण्यावर फुटतं. चहा निम्म्यावर आणा, दुपारी चारनंतर नकोच. पॅच लावला तरी हे पाळायचं, कारण हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. याच कारणाने क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवरची औषधं) किंवा थिओफायलिन (दम्यावरचं) चालू असलेल्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, डोस बदलावा लागू शकतो.

पोटाचं: निकोटिन आतड्यांना ढकलत होतं, ते थांबलं. भरपूर पाणी, पपई, रात्री इसबगोल. तोंड येईल, कदाचित खोकला वाढून कफ पडेल. श्वासनळ्या झाडून काढणारे बारीक केस परत कामाला लागल्याचं ते लक्षण आहे, घाबरून "सोडल्याने त्रास वाढला" म्हणत परत ओढू नका.

साधा_माणूस · रविवार, सकाळी ९:३०

डॉक्टरांचा मान राखून लिहितो. माझ्या वडिलांची ३० वर्षांची विडी एका दिवसात सुटली. वारीला गेले, पंढरपुरात माळ घातली, विषय संपला. पॅच नाही, गोळी नाही. निकोटिन सोडायचं म्हणून परत निकोटिनच अंगाला चिकटवायचं, हे मला पटत नाही. मनाने घेतलं की सुटतं. तुम्ही मनावर घ्या, सुटेल.

पवनाकाठ · रविवार, दुपारी १२:१०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण दादा, मी तीनदा मनावर घेतलं होतं, आणि खोटं खोटं नव्हे. सकाळपासून तुमच्या वाक्याचा विचार करतोय. आमच्याकडे ड्रिल मारताना जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, हाताने धरत नाहीत, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात बांधतात. हातात ताकद नसते म्हणून नव्हे, हात घसरला तर बोट जातं म्हणून. मी आज पॅच आणलाय आणि डाव्या दंडावर लावलाय. मन माझंच आहे, त्याला व्हाइस लावलाय एवढंच समजा.

सिन्नरची_लेक · रविवार, दुपारी ३:४५

साधा_माणूस, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. पण माळ म्हणजे नुसतं मन नव्हे हो. माळ म्हणजे दिंडीतली माणसं, रोजचा हरिपाठ, "बुवांनी माळ घातली" हे गावाने बघणं. घरात कुणी पुढ्यात विडी ओढत नाही. तीसुद्धा मदतच आहे, औषधाच्या दुकानात मिळत नाही एवढाच फरक.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांवर मजुरी. तिने विडी कधी ओठाला लावली नाही, पण मिसरी दिवसातून चार-पाच वेळा. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आम्ही भावंडं ठसका लागून अंगणात पळायचो. अठ्ठावन्नाव्या वर्षी तोंडात गालाच्या आतून पांढरा चट्टा निघाला आणि डॉक्टर म्हणाले, आज बंद. पहिले दहा दिवस तिचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, दुपारी भिंतीला टेकून विनाकारण रडायची. आम्हाला वाटलं, काहीतरी मोठं दुखणं आलं. ते मिसरी सुटल्याचं होतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. धूर नाही म्हणून निकोटिन नाही, असं नसतं.

तिला कशाने तारलं? मिसरीचीच डबी. घासून धुऊन तिच्यात भाजलेला ओवा आणि बडीशेप भरली. वेळ तीच, उंबरा तोच, डबी उघडायचा टिक असा आवाज तोच. आणि शेजारच्या दोघीजणी तिच्याबरोबर सोडायला बसल्या. त्यातल्या एकीचं सुटलं नाही, आईचं सुटलं. चट्टा हळूहळू गेला, पण तपासायला अजून नेतो आम्ही.

लेस्टरवासी · रविवार, रात्री ११:३०

वाचनखूण साठवली आहे. इकडे इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवायची सेवा फुकट आहे, आणि मी लाज टाकून गेलो याचं मला समाधान आहे. दर आठवड्याला एका छोट्या यंत्रात फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. पहिल्या दिवशी माझा आकडा २३ होता. सोडून आठवडा झाल्यावर ३. दहाच्या आत असलं की सोडली म्हणून नोंद होते. तो ३ चा आकडा मी बायकोला फोटो काढून पाठवला होता. एक-दोन दिवसांत रक्तातला तो विषारी वायू निघून जातो, पण डोळ्यांनी बघितलं की विश्वास बसतो.

कुणी व्यक्तिगत निरोपात वेपबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहितो. इकडे सोडण्यासाठी सरकारी सेवा वेप सुचवते हे खरं. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट विकण्या-आणण्यावर कायद्याने बंदी आहे, चोरून मिळते त्यात काय भरलंय कुणाला ठाऊक. पॅच, गम, गोळ्या हा सरळ रस्ता तिथेही उपलब्ध आहे, तोच धरा.

रात्रपाळी · सोमवार, पहाटे ४:२०

हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय. मी मुंबईत रात्रीच्या पाळीत काम करते, वय ३६, रोजच्या सात-आठ. घरी कुणालाही माहीत नाही. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही. घरी यायच्या आधी तोंड धुते, केसांना तेल लावते, लवंग चावते, ओढणी बदलते. गेल्या महिन्यात सोडायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी मुलीवर ओरडले आणि सगळे विचारायला लागले, "तुला झालंय काय?" काय सांगणार? पुरुष सोडतो तेव्हा घर त्याला लिंबू सरबत करून देतं. मला सोडायचीसुद्धा लपूनच आहे. त्या रात्री परत ओढली. औषधाच्या दुकानात गम मागायचीही हिंमत होत नाही.

सिन्नरची_लेक · सोमवार, सकाळी ७:१०

ताई, इथे तरी लपवायचं नाही. रोज पहाटे लिहीत जा, मी पाचला उठते.

ओपीडी_सात · सोमवार, सकाळी ८:४०

रात्रपाळी, तुमच्यासारख्या बायका माझ्या ओपीडीत येतात आणि खोकला सांगून निघून जातात. मूळ गोष्ट पोटातच राहते. तुम्ही इथे लिहिलंत ते खरंच अवघड होतं.

सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो. दिल्लीत २०१६ मध्ये सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र आलं, मराठीत बोलता येतं. समोर कुणी दिसत नाही, तुमच्या घरी कुणी कळवत नाही. २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. गम च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही: हळू चावा, झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, झिणझिणी गेली की परत चावा, असं अर्धा तास. सारखं चावलं की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळतं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको. तोंड आंबट असलं की ते शोषलंच जात नाही. "गम काही कामाचं नाही" म्हणणारे बरेच जण ते चहाबरोबर चावत असतात.

एक महत्त्वाचं विचारतो, इथे उत्तर देऊ नका: गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? पस्तिशीनंतर सिगारेट आणि त्या गोळ्या एकत्र असतील तर रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. असतील तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि सिगारेटचं खरं सांगा.

ओसरी · मंगळवार, दुपारी २:३०

माझे मिस्टर आज पाचव्या दिवशी आहेत. गेल्या वेळी रोज एक-एक कमी करत आणली होती, तीनवर येऊन अडकले आणि महिन्याभरात परत दहा. या वेळी एकदम बंद केलीय. काल मुलाच्या गणितावरून ताट सरकवून उठले. मी बोलले तरी चिडतात, गप्प बसले तरी चिडतात. मी नेमकं काय करू?

ओपीडी_सात · मंगळवार, रात्री ९:१५

एकदम बंद केली ते चांगलं केलं. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गट केले होते, एक दोन आठवडे कमी करत आणून सोडणारा, दुसरा ठरल्या दिवशी एकदम सोडणारा. दोघांनाही पॅच-गम होतं. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले होते, हळूहळू सोडणाऱ्यांतले ३९. कमी करताना उरलेली प्रत्येक सिगारेट जास्त मोलाची होत जाते, असं माझे पेशंट मला सांगतात.

चिडचिड हे लक्षण आहे, हे त्यांनाही कळू द्या. पण लक्षण म्हणजे मुलावर राग काढायची मुभा नव्हे. सकाळी डोकं शांत असताना ठरवून घ्या: पारा चढला की "मी खाली जाऊन येतो" म्हणायचं आणि उठायचं, कुणी कारण विचारायचं नाही. दहा मिनिटांत तलफेचा जोर उतरतो. तुम्ही खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. आणि हे दोन-तीन आठवड्यांपुरतं आहे, हे स्वतःलाही सांगत राहा.

डोंगरवेडा · मंगळवार, रात्री ९:५०

ओसरीताई, माझ्या बायकोने त्या दिवसांत एक केलं होतं. मुलांचा अभ्यास तीन आठवडे स्वतःकडे घेतला आणि मला भाजी आणायचं काम दिलं. रोज, चालत, लांबच्या मंडईतून. मी तेव्हा वैतागलो होतो. आता कळतं, संध्याकाळी सहा ते साडेसात ही माझी सगळ्यात वाईट वेळ तिने ओळखली होती.

पवनाकाठ · शुक्रवार, रात्री १०:२० (दिवस ९)

हजेरी लावतो. पॅचचा सहावा दिवस. दंडावर चौकोनी लाल डाग उठतो, खाजतो, पण डोक्यातला गोंगाट निम्म्याने कमी झालाय. चहा सहावरून तीनवर आणला. डॉक्टर, तीनची जाग परवापासून गेली. आठवडाभर मी ते सिगारेटचं समजत होतो!

एक गोष्ट केली, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कालनिर्णयच्या मागच्या पानावर प्रत्येक तलफेची वेळ आणि जागा लिहायला लागलो. चार दिवसांचं बघितलं आणि चाट पडलो. मला वाटायचं, तलफ दिवसभर असते. तशी नाही. सकाळी उठल्या उठल्या. कंपनीच्या गेटबाहेर, टपरीपाशी. दहाच्या चहाला. जेवणानंतर. एखादा लॉट रिजेक्ट करून सुपरवायझरशी वाद झाला की. सुटल्यावर मोटरसायकलला किक मारायच्या आधी. रात्री गॅलरीत. झाली की यादी. मधल्या वेळात तासन्‌तास आठवणही नसते. मग एकेक जागा बदलायला घेतली. गेट मागचं धरलं. दहाच्या चहाला पॅकिंगवाल्या बायकांच्यात बसतो, तिथे कुणी ओढत नाही. जेवणानंतर लगेच उठून ब्रश करतो, दाढेच्या बाजूने सांभाळून. गॅलरीचं अजून जमलेलं नाही. तिथे उभं राहिलं की दोन बोटं आपोआप उघडतात.

आणखी एक. काल शॉपमध्ये शिरलो आणि मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास नाकात गेला. घाण वास होता. बावीस वर्षं त्या मशीनपाशी उभा राहतोय, तो वास असा कधी आलाच नव्हता. मी दोन मिनिटं तिथेच उभा राहून तो घेत राहिलो. त्या ट्रेनी पोरालाही सांगितलं, त्या दिवशी चूक तुझी नव्हती.

साधा_माणूस · शनिवार, सकाळी ७:५०

सिन्नरच्या ताई, आपले शब्द वाचून काल वडिलांना विचारलं. ते म्हणाले, माळ घातल्यावर पहिला महिना ते संध्याकाळी पारावर गेलेच नाहीत, कारण सोबती तिथे विड्या ओढत बसायचे. देवळात जाऊन बसायचे. मला हे माहीत नव्हतं. मी फक्त "एका दिवसात सुटली" एवढंच ऐकत मोठा झालो. चुकलं असेल तर क्षमस्व. पुढील लेखनास शुभेच्छा.

पवनाकाठ · मंगळवार, रात्री ११:३५ (दिवस २०)

आज ओढली.

जुना सोबती गेला, माझ्याच वयाचा, एकाच मशीनवर शिकलो होतो. सरणाला अग्नी देऊन बाहेर आलो. आम्ही चौघे झाडाखाली. एकाने काही न बोलता सगळ्यांना दिली. मी घेतली. नाही म्हणायचं सुचलंच नाही, तिथे ते तोंडातून निघालंच नसतं. अर्धी ओढली. जळक्या कागदासारखी चव आली, डोकं गरगरलं, उरलेली पायाखाली चिरडली. घरी येऊन पॅच उपटून टाकायला हात घातला होता. म्हटलं, आता कशाला. मग आधी इथे लिहू म्हटलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ओपीडी_सात · मंगळवार, रात्री ११:५५

पॅच काढू नका. पॅच असताना अर्धी सिगारेट ओढली म्हणून विष होत नाही. सोबत्याचं वाईट वाटलं.

तुमच्या कालनिर्णयच्या यादीत स्मशान नव्हतं. कारण त्या चार दिवसांत ते आलं नाही. शरीराची तलफ तीन-चार आठवड्यांत ओसरते, पण बावीस वर्षांत ज्या ज्या प्रसंगी हातात सिगारेट होती, तो प्रत्येक प्रसंग पुन्हा येतो: पहिलं मरण, पहिलं लग्न, पहिला ट्रेक, पहिला पाऊस. त्या दिवशी शरीर मागत नसतं, प्रसंग मागतो. आज एक प्रसंग होऊन गेला. वीस दिवसांत अडीचशेच्या वर सिगारेटी तुम्ही ओढल्या नाहीत, अर्धी ओढली. उद्याची सकाळ महत्त्वाची. खिशात एकही नाही ना?

डोंगरवेडा · बुधवार, पहाटे १२:१०

आणि उद्या टपरीवरून "एकच" घेऊ नका. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी मिळते, आणि सोडणाऱ्याचा घात तीच करते. पाकीट घेताना माणूस दोनदा विचार करतो, एक घेताना करत नाही. माझी दोन वर्षांची सोडलेली अशीच एका सुटीने परत सुरू झाली होती. वहिनींना आत्ता उठवून सांगा.

पवनाकाठ · बुधवार, सकाळी ६:३०

सांगितलं. ती म्हणाली, "स्मशानातून आलात तेव्हाच वास आला होता. म्हटलं, तुम्हीच सांगाल." नवीन पॅच उजव्या दंडावर लावलाय. खिशात काही नाही.

रात्रपाळी · रविवार, पहाटे ५:०५

सिन्नरच्या ताई, आजचा अठरावा दिवस. त्या नंबरवर फोन केला होता, गच्चीवर जाऊन. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसातली पहिली कधी ओढता?" नावही नंतर विचारलं. गम दुसऱ्या उपनगरातल्या दुकानातून आणलं. ब्रेकमध्ये आता लिफ्टने खाली न जाता जिन्याने वरच्या मजल्यावर जाते आणि येते. डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना खरं सांगितलं, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. काल नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी कधी ओळखलंच नाही." आम्ही दोघंही रडलो.

सिन्नरची_लेक · रविवार, पहाटे ५:१२

जागी आहे ग. वाचलं. आईलाही वाचून दाखवते आता.

पवनाकाठ · सोमवार, रात्री ९:४० (दिवस ६१)

कालपासून ७ चा पॅच. वजन तीन किलो वाढलंय, फुटाणे आणि गाजरावर भागवतोय. ओसरीताई, मिस्टरांचं कळवा.

आज पावसाने पहिली सर टाकली. सुटल्यावर मोटरसायकल शेडखाली उभी केली आणि पूर्वीसारखाच थांबलो. तलफ आली, बऱ्याच दिवसांनी, चांगली जोरात. डॉक्टरांनी पाऊस यादीत घातला होता हे आठवलं. खिशात लवंग होती ती दाढेच्या बाजूला धरली. ती जागा आता भरून आलीय, जिभेला गुळगुळीत लागते. समोरच्या टपरीवर माझ्याच लाइनवरचे दोघे पेटवून उभे होते. धुराचा वास आला, मागोमाग ओल्या मातीचाही आला. पाऊस उतरेपर्यंत उभा राहिलो आणि घरी आलो.

नवा_सभासद_चाकण · सोमवार, रात्री ११:२०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या रोजच्या पंधरा. उद्या सकाळपासून बंद करतोय, पॅच आणून ठेवलाय. सकाळचा पहिला चहा मी कंपनीबाहेरच्या टपरीवर घेतो, सिगारेटबरोबर. तो कुठे घेऊ?

पवनाकाठ · सोमवार, रात्री ११:२६

घरी घ्या, अर्धा कप, उभ्याने नको, बसून. पॅच त्याच्या आधी लावा. आणि दहा वाजता इथे लिहा, माझा चहा तेव्हाच असतो.